गाडीला पाजलेलं अळशीचं तेल

आमच्या आमटीत डाळ शोधावी लागायची, तेव्हाची ही गोष्ट. हिंदी मुलखातल्या एका जुन्या मराठी संस्थानी शहरात, माधवगंजातल्या एका बोळाच्या टोकाला दोन खोल्या, मागं थोडं अंगण आणि अंगणात घरमालकांची पत्र्याची शेड, एवढ्यात आम्ही चौघं राहत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, एका मराठा सरदारांकडे ड्रायव्हर होते. सरदार वारले, बाईसाहेब मुलाकडे पुण्याला निघून गेल्या आणि आबांची नोकरी संपली. जाताना बाईसाहेब म्हणाल्या, "जगताप, ही गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात शोभणार नाही. तुम्हीच न्या." कागदही रीतसर आबांच्या नावावर करून दिले. म्हणजे एकाच दिवशी घरातला पगार गेला आणि घरात विलायती गाडी आली! तिला पेट्रोल पाजण्याची आमची ऐपत नव्हती, म्हणून आबांनी तिला शेडमध्ये उभं केलं आणि स्वतः दुसऱ्याचा टेंपो चालवू लागले. पण मागे सरदार बसलेले असावेत अशा बेतानं ते टेंपो हाकायचे. खड्डा दिसला की थांबायचे, म्हातारी बाई चढताना दिसली की खाली उतरायचे. टेंपोच्या मालकानं सहा महिन्यांत हात जोडले. मग आबा एका धर्मशाळेत रखवालदार झाले, माझ्या थोरल्या भावानं, दादानं, शाळा सोडून तोच टेंपो हातात घेतला, आणि आई ओळखीच्या मराठी घरांतून पोळ्या करून द्यायला लागली.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पहाटे मारुतीच्या देवळातली घंटा, मग अंगणात आईनं बंब पेटवला की कोळशांचं तडतडणं, मग लाटण्याचा पोळपाटावरचा आवाज, आणि सगळ्यावर कडी करणारा दादाच्या टेंपोचा फटफटाट. तांब्याचा तो बंब आईच्या माहेरचा. आंघोळीचं पाणी तर त्यात तापायचंच, शिवाय तुपाची बरणी धुवायची असो की कुणाच्या घोट्याला शेक द्यायचा असो, आई "बंबातलं घे" म्हणायची. थंडी पडली की ती अळशी भाजायची. त्या खमंग, जराशा कडवट वासानं बोळातली माणसं ओळखायची, की जगतापांकडे आज लाडू आहेत. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असा नियम आबांचा होता, पण दादाची जीभ उंबरा मानायची नाही. "आई, जल्दी वाढ ना, सवारी खडी आहे," असं तो बोलायचा आणि आबा कपाळाला आठ्या घालायचे. आज माझा नातू मला "आजी, वो सलाईनवाली गाडी की स्टोरी सुना ना" म्हणतो. माझ्या कपाळावर आठ्या पडत नाहीत. मागतोय तरी गोष्टच ना!

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखं आहे. माझे आजोबा दरबाराच्या शस्त्रागारात तलवारींची निगा राखायचे. पणजोबा लष्करातले साधे शिपाई. मला बारावीला चांगले गुण पडले तेव्हा शेजारणी आईला म्हणाल्या, पोरगी हातची जाईल, लग्न बघा. आई म्हणाली, "आधी शिकू दे, लग्न काय पळून चाललंय?" मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं. दादा मला 'प्रोफेसर' म्हणायचा, आणि त्यात कौतुक कमी आणि खार जास्त असायचा. त्याचंही खरं होतं. त्यानं शाळा सोडली म्हणून माझी चालू राहिली होती.

आता गाडीबद्दल. बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग, पितळी दिवे, चाकांना सायकलसारखे तारांचे आरे. दर दसऱ्याला याच गाडीतून आबा सरदारांना सीमोल्लंघनाला, गावाबाहेरच्या शमीच्या झाडापर्यंत घेऊन जायचे. शेडमध्ये आल्यावर तिचं सीमोल्लंघन थांबलं, पूजा मात्र थांबली नाही. खंडेनवमीला आमच्याकडे आजोबांची एकुलती एक तलवार निघायची. तिच्यावरून आबा अळशीच्या तेलाचा बोळा फिरवायचे, कारण आजोबा शस्त्रागारात तसंच करायचे. अळशीचं तेल पात्यावर थर धरतं आणि गंजाला जवळ येऊ देत नाही. मग आबा तीच वाटी घेऊन शेडमध्ये जायचे. बॉनेट उघडायचे, इंजिनाचे प्लग एकेक करून काढायचे आणि प्रत्येक भोकात पळीभर अळशीचं तेल सोडायचे. मी मागं कुंकवाचं ताट धरून उभी असायची. "आत लोखंडच आहे ना बाळ," ते म्हणायचे, "तलवारीला जे लागतं ते हिलाही लागतं." किती नवम्या हे चाललं कोण जाणे. मला तरी त्याशिवायची नवमी आठवत नव्हती.

मी शेवटच्या वर्षाला असताना, गणपतीच्या सुमारास, दाल बाजारातले एक लालाजी आमच्याकडे आले. धान्याचे ठोक व्यापारी, पांढरा सफारी, तोंडात वेलदोडा. फूलबागेच्या बाजूला ते हॉटेल बांधत होते. त्यांनी शेडमध्ये जाऊन गाडीला एक फेरी मारली आणि खूश झाले.

"जगताप जी, क्या चीज़ है! इसको हम पोर्च में चबूतरे पर रखेंगे. इंजन-विंजन निकाल देंगे, वज़न कम हो जाएगा. अंदर गेंदे के गमले."

"गमले?" आबांनी विचारलं.

"हाँ जी, फूलों के. चलती तो है नहीं. है कि नहीं?"

दादा दाराशी उभा होता. लालाजींनी जो आकडा सांगितला त्यात त्याचा स्वतःचा टेंपो येत होता. परक्याची गाडी चालवून रोज संध्याकाळी मालकापुढं उभं राहणं संपत होतं. त्याच्या तोंडाकडे बघून मला ते कळत होतं आणि आबांनाही कळत असणार. आबांनी एकदा गाडीकडे पाहिलं. मग त्यांच्या त्या ताठ हिंदीत म्हणाले, "लालाजी, चलती गाड़ी मैं बेचूँगा नहीं. और जो चले नहीं, उसे मैं रखूँगा नहीं. दशहरे तक ठहरिए. अपने इंजन पर फाटक के बाहर निकली तो मेरी. नहीं निकली तो आपकी, उसी दिन ले जाइए."

लालाजी हसले. "ज़बान दी?"

"दी."

ते गेल्यावर दादा फुटला. "आबा, इतक्या वर्षांत तिनं खोकला तरी काढलाय का? लालाजी उद्या दुसरी गाडी बघून राहतील तर?"

"बघू देत," आबा म्हणाले आणि धर्मशाळेत ड्यूटीवर गेले.

दुसऱ्याच दिवशी दादानं आपल्या टेंपोच्या अड्ड्यावरचे रशीद मिस्त्री आणले. मनात असो नसो, आबांचा शब्द तो पाळायचा. मिस्त्रींनी पुढून हँडल लावलं आणि जोर केला. हँडल ढिम्म. दादा आणि मिस्त्री दोघं मिळून लोंबकळले तरी इंजिन केसभर हललं नाही. मिस्त्रींनी रुमालानं मान पुसली. "जाम है, जगताप साहब. अंदर ज़ंग पकड़ गया. खोलोगे तो टुकड़ों में निकलेगा, और इसके पुर्ज़े अब मिलते कहाँ हैं." ते चहा पिऊन गेले. आबा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. दादानं त्यांच्याकडे बघायचं टाळलं. तो मनातल्या मनात खूश झाला नव्हता, एवढं मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते.

मी मात्र तिथंच घुटमळले. मिस्त्रींनी काढून ठेवलेला एक प्लग मडगार्डवर पडला होता. मी तो उचलला. गंज म्हटला की लाल भुकटी हाताला लागायला हवी. माझ्या बोटांना काहीच लागलं नाही. प्लगच्या टोकाशी तपकिरी, चकचकीत, काकवीच्या वाळलेल्या थेंबासारखं काहीतरी गोठलं होतं. मी केसातली पिन काढून खरवडलं. पापुद्रा निघाला. तो तळहातावर घेऊन मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि फडताळातली तेलाची बरणी खाली काढली. बरणीच्या झाकणाच्या कडेला हुबेहूब तोच पापुद्रा होता. आईचं ते झाकण नेहमी चिकटून बसायचं आणि बंबातलं पाणी वरून ओतल्याशिवाय उघडायचं नाही. मी हातातला पापुद्रा पिनेच्या टोकाला लावून चुलीतल्या निखाऱ्यापाशी धरला. वास आला. भाजलेल्या अळशीचा.

कॉलेजात आम्हाला रंगांचा धडा होता. काही तेलं हवेत नुसती सुकत नाहीत, ती घट्ट होऊन काचेसारखी बसतात, म्हणून तर ती रंगात आणि वॉर्निशात घालतात. त्या यादीत अळशीचं तेल पहिलं होतं. परीक्षेत मी त्यावर उत्तर लिहून आले होते आणि तरी ताट धरून शेडमध्ये उभी राहिले होते. तलवारीच्या उघड्या पात्यावर तो थर चांगलाच. पण इंजिनाच्या आत, जिथं एक लोखंड दुसऱ्याला चिकटून वरखाली सरकायला हवं, तिथं आबांनी दर खंडेनवमीला वॉर्निश ओतलं होतं.

आता हे त्यांना सांगायचं कसं? आई म्हणाली, "सांगू नकोस. मोकळं करून टाक गुपचूप." पण गुपचूप होण्यासारखं ते काम नव्हतं, आणि आबांना फसवून आबांची गाडी चालू करायची हे मला पटेना. ते ड्यूटीवरून आले, पाटावर बसले, भाकरीचा पहिला तुकडा मोडला, आणि मी बरणीचं झाकण आणि प्लग त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"आबा, आत गंज नाही. आपलं अळशीचं तेल आहे. ते सुकून घट्ट झालंय. त्यानंच इंजिन धरलंय."

ते झाकणाकडे बघत राहिले. मग प्लगकडे. नखानं तो थर टोकरला. "म्हणजे मीच," ते म्हणाले. तुकडा ताटात ठेवून उठले आणि हात धुऊन अंगणात जाऊन बसले. आई माझ्याकडे बघायला तयार नव्हती. भाकरी ताटात गार झाली. बऱ्याच वेळानं ते दारात आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "गंज नाही म्हणतेस, ते नक्की?"

"नक्की. तेल होतं म्हणूनच नाही. पाणी आत शिरलंच नाही."

"मग ते सुटतं कसं, ते तुझ्या पुस्तकात आहे का?"

"सुटेल असं वाटतं. करून बघायला लागेल."

"वाटतं नको. बघ आधी," आबा म्हणाले, आणि परत येऊन ती गार भाकरी खाल्ली.

मी बरणीच्या झाकणावरचे पापुद्रे वेगवेगळ्या वाट्यांत घातले. एकीत रॉकेल, एकीत पेट्रोल, एकीत रंगवाल्याकडचं टर्पेंटाइन. वाट्या अंगणात उन्हात ठेवल्या. दादा येता-जाता डोकावायचा. "क्या पक रहा है, प्रोफेसर? आज का स्पेशल?" रॉकेलात पापुद्रा तसाच राहिला. पेट्रोलात जरा फुगला. टर्पेंटाइनमधला दुसऱ्या दिवशी साबुदाण्यासारखा मऊ झाला, आणि वाटी कोमट पाण्यात ठेवली तर बोटानं चिरडता आला. म्हणजे टर्पेंटाइन हवं आणि ऊब हवी. पण इंजिनाला ऊब द्यायची कशी? खाली जाळ करणं म्हणजे घर पेटवणं. तिथं आईनं तोंड उघडलं. पोळ्या लाटता लाटताच म्हणाली, "झाकण कसं उघडते मी? त्या गाडीच्या पोटात पाणी फिरतं ना? बंबातलं घाला."

आबांनी मांडीवर थाप मारली. रेडिएटरचं पाणी इंजिनाच्या चहूबाजूंनी फिरतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी मनात म्हटलं, इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकून मला बंब सुचला नाही! आणि मग पोट धरून हसले.

कामाला लागलो तेव्हा पितृपक्ष चालू होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, या दिवसांत नवीन काही सुरू करू नये. आबा म्हणाले, "नवीन कुठं? जुनंच आहे." सकाळी बंब शेडपासून लांब, तुळशीपलीकडे पेटायचा. प्लगच्या भोकांतून मी टर्पेंटाइन सोडायची. आई आणि आबा कढत पाण्याच्या बादल्या आणून रेडिएटरमध्ये ओतायचे. गार झालं की खालचा नळ उघडून सोडायचं आणि पुन्हा कढत. आमच्या आंघोळी त्या पंधरवड्यात गार पाण्यानं झाल्या. टर्पेंटाइनच्या वासानं आईचं डोकं चढायचं, पोळीलाही तो वास लागतोय असं तिला वाटायचं. दादा टेंपोवर जायच्या आधी येऊन हँडलला जोर द्यायला बघायचा आणि आबा त्याचा हात धरायचे. "हिसका नाही. म्यानात तलवार बसली की तुझे आजोबा ओढत नसत. कोमट करायचे, जराशी इकडं, जराशी तिकडं. मोडली तर दुसरी कुठनं आणणार?" मग आबा स्वतः हँडल धरायचे आणि नुसता भार द्यायचे, सोडायचे, भार द्यायचे, सोडायचे. रोज. काही व्हायचं नाही. मला प्रयोगवहीत उत्तर नाही आलं तर रडू यायचं. आबांना येत नव्हतं. ते हँडल पुसून खुंटीला लावायचे आणि "उद्या" म्हणायचे.

घटस्थापना होऊन गेली आणि एका सकाळी हँडल हललं. एवढंसंच, बोटाच्या पेराइतकं. आवाज आला, जसं चिकटलेलं दार सुटतं तसा. आबांनी लगेच हात काढून घेतला आणि आमच्याकडे बघितलं.  मग त्यांनी उलट भार दिला, मग सुलट. दुपारपर्यंत हँडल पूर्ण फिरलं आणि इंजिनातून, कितीतरी वर्षांनी, फुस्स करून श्वास बाहेर पडला. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "टर्पेंटाइन झोंबतंय."

घाण झालेलं सगळं तेल आम्ही खालून काढून टाकलं आणि दादानं अड्ड्यावरून नवीन इंजिन ऑइल आणलं. त्यानं ते कुठल्या पैशांतून आणलं हे मी विचारलं नाही. खंडेनवमीला आईनं ताट तयार केलं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यात अळशीच्या तेलाची वाटी ठेवली. आबांनी तलवारीवरून बोळा फिरवला. मग वाटी हातात घेऊन ते शेडकडे दोन पावलं गेले, थांबले, आणि परत येऊन वाटी आईच्या हातात दिली. "चटणीवर घाल," म्हणाले.

दसऱ्याला सकाळीच लालाजी ट्रक आणि चार हमाल घेऊन हजर झाले. बोळात गर्दी जमली. आबांनी सरदारांकडचा जुना खाकी कोट घातला होता. खांद्यात आता तो सैल होत होता. त्यांनी हँडल मारलं. इंजिन फिरलं, खोकलं, थांबलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच. हमालांनी ट्रकवरून दोर खाली टाकले. आबांनी घाम पुसला आणि कान बॉनेटला लावला. "पेट्रोल येत नाही वरती. टाकीची नळी आतून चोंदली असणार." ती नळी गाडीच्या पोटाखालून मागपासून पुढपर्यंत गेलेली. ती काढून साफ करायची तर दिवस गेला असता.

"तो फिर, जगताप जी?" लालाजी घड्याळाकडे बघत म्हणाले. आवाजात वाईटपणा नव्हता, घाई होती.

दादा गर्दीतून निघून गेला. मला वाटलं, गेला. त्याला हेच तर हवं होतं.  पण थोड्याच वेळात तो धावत आला तो ओळखीच्या कंपाउंडरकडून सलाईनची बाटली आणि नळी घेऊन. आल्या आल्या बाटलीत पेट्रोल भरलं, ती समोरच्या काचेच्या दांडीला उलटी बांधली आणि नळी कार्बोरेटरला जोडली. बोळात हशा पिकला. लालाजींनी सुद्धा पोट धरलं. "अरे, ये तो आईसीयू में है!"

"मरीज़ को डिस्टर्ब मत करो, लालाजी," दादा म्हणाला, आणि मग आबांकडे वळून, मराठीत, "मारा आता."

आबांनी मारलं. इंजिन खोकलं, दचकलं आणि पेटलं. मागून निळा धूर असा आला की शेड दिसेनाशी झाली, आणि सगळ्या बोळात भाजलेल्या अळशीचा वास पसरला. आई स्वयंपाकघराकडे धावली. तिला वाटलं, कढईत काही राहिलं. आतलं उरलंसुरलं जळत होतं. आबा स्टिअरिंगवर बसले. शेजारी सलाईनची बाटली धरून दादा, मागे सरदारांच्या जागी आई आणि मी. आई आधी बसेना. "मी कशी तिथं?" म्हणाली. आबा न वळता म्हणाले, "बस. गाडी आपली आहे."

फाटक ओलांडताना त्यांनी भोंगा वाजवला. हमालांनी दोर गुंडाळले. लालाजी बाजूला होऊन कितीतरी वेळ बघत राहिले, आणि आम्ही परत आलो तेव्हा ते अजून तिथंच, ट्रकच्या पायरीवर बसलेले होते. उठून त्यांनी आबांच्या हातात हात दिला. "गमले कैंसल. माघ में मेरे बेटे की शादी है. बारात इसी में जाएगी, और चलाएँगे आप." मग फाटकापासचा टेंपो बघून दादाला म्हणाले, "और तू, डॉक्टर, सलाईन मत भूलना."

त्या लग्नानंतर दुसरी लग्नं आली. दादाला स्वतःचा टेंपो घ्यायला आणखी वेळ लागला, आणि तो वेळ त्यानं मला कधी बोलून दाखवला नाही. गाडी आजही आमच्याकडे आहे, दादाचा मुलगा ती बघतो, आणि आत अळशीचा थेंब जात नाही. आमच्यात भांडण अजून चालू आहे, की गाडी चालू केली कुणी. दादा म्हणतो सलाईननं, आई शेवटपर्यंत बंबानं म्हणायची.

त्या दसऱ्याला आम्ही चौघं त्या गाडीतून शमीच्या झाडापर्यंत गेलो आणि तिच्याच इंजिनावर घरी परत आलो. आबा पुन्हा ड्रायव्हर झाले. पुढच्या उन्हाळ्यात मी बी.एस्सी. पास झाले.